लोकरीची खूण

परवा सांगलीच्या फ्लॅटमध्ये आईची पत्र्याची पेटी उघडली. ती जाऊन वर्ष झालं, तरी आतून मेंढरांच्या लोकरीचा तोच ओशट वास आला. घोंगड्याखाली मला सातवीत बक्षीस मिळालेली कादंबरी होती.

जतजवळच्या आमच्या घरी आई दुपारी लोकर कातायची आणि मी तिला ती कादंबरी वाचून दाखवायचे. तिला वाचता येत नव्हतं. मेंढरांना पाणी पाजायला उठताना ती वाचलेल्या पानात लोकरीचा धागा ठेवायची. "मी आल्याबिगर म्होरं वाचू नगंस," असं बजावायची.

मला दम निघाला नाही. एकदा मी चोरून पुस्तक संपवलं आणि मग तेच पुन्हा मोठ्यानं वाचायचा कंटाळा आला. दुसऱ्या दिवशी चार ओळी वाचून पुस्तक मिटलं. "संपलं. हरवलेली पोरगी घरी आली."

आईचा चरखा थांबला. तिनं पुस्तक हातात घेऊन उरलेली पानं अंगठ्यानं चाचपली.

"एवढ्यात संपलं व्हय?"

"व्हय."

धागा होता तिथंच ठेवून तिनं पुस्तक पेटीत टाकलं. मला वाटलं, फसली.

तो काळा धागा अजून तिथंच आहे. पुढच्या पानांची कसरीनं चाळण केली आहे. पोरगी खरंच घरी येते का, मलाही आता आठवत नाही. लोकरीला कसर लागते, हे आईइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी वाचायचं राहिलेल्या जागेवरचा तो धागा तिनं काढला नव्हता.