आमच्या पॅकहाउसातला फ्युएल सेल

सातपूरच्या शेडमध्ये आमचा फ्युएल सेल अगदी शहाण्यासारखा चालत होता. आत हायड्रोजन आणि हवा सोडायची, बाहेर वीज आणि थोडं पाणी. धूर नाही, धडधड नाही. मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, दोघींनी मिळून तो उभा केला होता. परदेशात अशा सेलवर बस धावतात, आपल्याकडेही चाचण्या चालल्यात, हे वाचून आम्ही दोघी नुसत्या उसळत होतो. आमची उडी मात्र लहान होती. पिंपळगावला माझ्या थोरल्या भावाचं द्राक्षांचं पॅकहाउस आहे. तिथली एक छोटी कोल्ड रूम वीज गेल्यावर सांभाळायची, एवढंच.

भावाचा डिझेल जनरेटर त्या हंगामात कायमचा बसला होता आणि त्यानं नवा सांगून ठेवला होता. "तो घेऊन टेम्पो यायच्या आत तुझं चाललं तर ठीक, नाय तर हे सामान परत सातपूरला ने," तो म्हणाला. "माल नासवून प्रयोग नाय करायचे." त्याचं चूक नव्हतं, तरी मला राग आलाच. दुसरं कुणी आम्हाला दारातही उभं करणार नव्हतं.

पॅकहाउसात पहिल्या दिवशी मशीन झकास चाललं. मग रोज व्होल्टेज थोडं थोडं उतरू लागलं. मी हायड्रोजनचं सिलिंडर बदललं, प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून गळती पाहिली, फोनवर मैत्रिणीवर खेकसले. टेम्पो यायचा त्या दिवशी सकाळीच ती वैतागून स्वतः आली. आत पाऊल टाकलं आणि ओढणी नाकाला लावून खोकायला लागली.

"डोळे चुरचुरतायत गं. कसला वास आहे हा?"

"कसला वास?" मी विचारलं.

भावानं नाक वर करून हुंगलं. "द्राक्षाचा असंल." पॅकिंगला बसलेल्या बायकांनीही हुंगून पाहिलं आणि माना हलवल्या. वास कुणालाच येत नव्हता.

मैत्रीण टेबलाकडे गेली आणि पेटीतल्या द्राक्षांवर ठेवलेला कागदी पॅड उचलून तिनं माझ्यासमोर धरला. मी कपाळावर हात मारला. माल वाटेत बुरशीनं नासू नये म्हणून पेटीत तो पॅड घालतात आणि त्यातून गंधकाचा वायू हळूहळू सुटत राहतो. आमची नाकं त्या वायूतच वाढलेली, ती कशाला तक्रार करतील. पण सेलच्या आत प्लॅटिनमचा पातळ थर असतो, त्याच्यावर सगळं काम चालतं. गंधकाचा वायू त्याच्यावर जाऊन बसला की उठायचं नाव घेत नाही. हे मी वाचलं होतं, पण परदेशातल्या शहरांच्या धुराबद्दल. माझ्या माहेरी पेट्यांच्या थप्प्यांशेजारी डबा खाताना ते कुठून आठवणार!

मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली. बिघाड मशीनमध्ये नव्हता, हवेत होता. म्हणजे आता हवा बाहेरून घ्यायची. मी भावाला म्हटलं, मागच्या भिंतीतून पाईप काढू.

"तिकडं शेजाऱ्याची बाग हाय. वेलींवर भुरी पडली म्हणून गंधक मारलंय त्यानं."

"मग उजवीकडून."

"कांद्याची चाळ हाय. कांद्यात काय कमी असतं का?"

समोर तर महामार्ग आणि डिझेलचा धूर ओकणारे ट्रक. आमच्या गावात गंधक नसलेली दिशाच सापडेना. मैत्रीण हसायला लागली, मग मीही हसले, आणि भाऊ "वर घ्या की मग" म्हणत पाईप खांद्यावर टाकून शिडी चढलासुद्धा. छपरावर उंच पाईप उभा करून आम्ही त्याच्या तोंडाला कोळशाचा फिल्टर बसवला. मग स्वच्छ हवा सोडून सेलवरचा भार चढवत-उतरवत बसलो, म्हणजे प्लॅटिनमवर बसलेलं निघून जाईल. बराच वेळ काही झालं नाही. मग आकडा हलला, आणि वर वर जायला लागला. पहिल्याइतका नाही, पण खोलीला पुरेल इतका वर गेला.

दुपारी वीज गेली. पंखे थांबले, बायका पदरानं वारा घेऊ लागल्या, आणि त्या एका खोलीचा कॉम्प्रेसर मात्र चालू राहिला. भाऊ आत जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळानं गार हात चोळत बाहेर आला. मी मीटर सोडून त्याच्याच तोंडाकडे बघत होते.

दिवस कलताना टेम्पो आला. जनरेटर कुठं उतरवू, असं ड्रायव्हरनं विचारलं.

"परत घेऊन जा," भाऊ म्हणाला. "आमच्याकडं हाय."

ड्रायव्हरनं कान दिला. "बंद हाय का? आवाज नाय येत."

"ते नाय करत आवाज. माझ्या बहिणीनं बनवलंय. सगळा आवाज ती करते."

मला रडू येत होतं, म्हणून फिल्टर बघायचं निमित्त करून मी छपरावर गेले.