कमळाबाईंनी ठरवलेलं भाडं

पंचवटीच्या भाजीबाजारात कमळाबाई गांगुर्डेंशी घासाघीस करणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. सकाळी तोंडातून निघालेला भाव संध्याकाळपर्यंत फिरत नसे. मेथी मान टाकू लागली की बाई जुडी मोठी बांधत, मिरची महागली की वाटा लहान करत, पण भाव तोच. "वाटा लहानमोठा व्हतो, शबूद नाय," असं त्या म्हणत. बाजारात या हट्टाची टिंगल व्हायची, आणि अडीनडीला मात्र सगळे त्यांच्याच दारात.

१९७८च्या दिवाळीच्या सुट्टीत वस्तीतली सहा बौद्ध मंडळी नेपाळात लुंबिनीला निघाली. म्होरके होते शाळेतले यादव मास्तर. कमळाबाईंनी तोवर लासलगावच्या पलीकडचं जग पाहिलं नव्हतं. पण बुद्ध जिथे जन्मले त्या मातीवर एकदा डोकं टेकवायचं, एवढी एकच इच्छा त्यांनी नवरा गेल्यापासून धरली होती. वर्गणी भरताना कनवटीचं होतं नव्हतं ते सगळं गेलं.

सीमा ओलांडली आणि लुंबिनीच्या तीन कोस अलीकडे रस्ता खचलेला निघाला. बस तिथेच थांबली आणि अंधार पडायच्या आत परत फिरणार होती. पुढे जायला एकच टांगा होता. मास्तरांनी भाडं ठरवायला अर्थातच कमळाबाईंना पुढे केलं. टांगेवाल्याचं नाव झगरू, माणूस हाडकुळा, फार बोलणारा नव्हे. त्याने जाऊन-येऊन तीस रुपये सांगितले. बाईंनी ठोकून दिलं, "पंधरा."

झगरूने एकदा घोडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "चलिए, पंद्रह."

मंडळी खूश झाली, भराभरा टांग्यात चढली. बाईंच्या काळजात मात्र चर्र झालं. पहिल्याच बोलीला नमणारा माणूस कोण असतो, हे बाजारात बसणाऱ्याला सांगावं लागत नाही. ज्याची भवानी झालेली नसते तो. नवरा अंथरुणाला खिळला होता तेव्हा त्यांनीही एकदा अशीच वांगी मातीमोलाने देऊन टाकली होती. त्यांनी घोडीच्या वर आलेल्या फासळ्या पाहिल्या, मग टांग्यातली माणसं पाहिली.

"मास्तर, भाडं लय कमी झालं."

"तुम्हीच ठरवलंत ना? वर्गणीत आता परतीपुरतंच उरलंय."

तेही खरंच होतं. बाई टांग्यातून खाली उतरल्या.

"शबूद दिला तो दिला. आता वाटा लहान करते. मी उतरले म्हंजी घोडीला दोन सवाऱ्या कमी," त्या म्हणाल्या. अंगाने त्या होत्याच तशा. मास्तरांनी आधी चिडून पाहिलं, मग विनवून पाहिलं. इतकं चालून त्या वेळेत पोचणार नव्हत्या.

"मंग नाय पोचणार," म्हणून बाई चालू लागल्या. झगरू घुटमळला, तर त्यालाही हातानेच पुढे जायला सांगितलं. हे वेडेपण होतं, असं वस्तीत आजही काही जण म्हणतात. म्हणोत बापडे.

उन्हं कलली, चप्पल चावू लागली. निम्म्याहून जास्त वाट झाली आणि समोरून टांगा परत येताना दिसला.

"चढा लवकर, बस जाईल. सगळ्यांचं दर्शन झालं," मास्तर बोलून गेले आणि मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. बाई टांग्याचा दांडा धरून उभ्या राहिल्या. त्यांना रडू आवरेना. एवढ्या जवळ येऊन परत फिरायचं, हे त्यांना सोसवत नव्हतं.

झगरू लगाम सोडून खाली उतरला.

"बाबूजी, बात छह सवारी की हुई थी. पहुँची पाँच," तो शांतपणे म्हणाला. "आप लोग उतरिए. सीधी सड़क है, पैदल जाइए, बस रोकिए. माई को मैं ले जाता हूँ."

किती उशीर झालाय ते दाखवायला मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. झगरूने तिकडे पाहिलंही नाही. आधी मंडळीतली म्हातारी धोंडाबाई उतरली, मग बाकीचे उतरले, सगळ्यांत शेवटी मास्तर.

लुंबिनीच्या मातीला डोकं टेकवून कमळाबाई परत आल्या तेव्हा दिवस मावळला होता. बसचं इंजिन धडधडत होतं, आणि यादव मास्तर पायरीवर एक पाय रोवून ड्रायव्हरच्या शिव्या खात उभे होते.