मामाच्या लायसन्सवरची एकुलती एक नोंद

माझा मामा सव्वीस वर्षं शाळेची बस चालवत होता आणि तेवढीच वर्षं आम्ही त्याचा तोरा सहन करत होतो. थांब्यावर उशिरा आलेल्या पोराचं कारण तो कधी ऐकून घेत नसे. दर वर्षी परवाना कार्यालयातून त्याच्या लायसन्सचा उतारा यायचा, त्यात गुन्ह्यांचा रकाना कोरा असायचा. मामा तो फ्रिजवर लावून येणाऱ्याजाणाऱ्याला वाचायला लावायचा. कोऱ्या रकान्यात वाचायचं काय, असं मामी विचारायची.

मागच्या वर्षी आई शेजारच्या राज्यातल्या इस्पितळात होती. "मामा, लवकर ये," असा मीच फोन केला. वाटेत पोलिसांनी त्याला अडवून वेगाची पावती फाडली. घरी परतल्यावर मामाने आठवड्याच्या आत दंड भरून टाकला. तिथली भानगड तिथेच मिटली, अशी त्याची पक्की समजूत. आम्हाला त्याने सांगितलंसुद्धा नाही.

यंदाच्या उताऱ्यात एक ओळ छापून आली. शाळेचा नियम सरळ होता: वेगाची नोंद असेल, तर तीन वर्षं बस नाही. मामाचं तोंड एवढंसं झालं. मी त्याला घेऊन कार्यालयात गेले.

"पण हे तिकडचं आहे," मामा म्हणाला.

"दोन्ही राज्यं एकमेकांना कळवतात, काका," खिडकीतली बाई म्हणाली. "तिकडचा गुन्हा इथेही धरतात. आणि दंड भरलात म्हणजे तो कबूल केलात. नोंद रद्द करायला तिथल्या कोर्टात अजून अर्ज करता येईल. घाईला तसं काही कारण होतं का?"

मामा उताऱ्याची घडी घालू लागला. मला संताप आला. बसभर मुलांना दरडावणारा हा माणूस, आणि नेमकं आताच याला बोलता येऊ नये! मी उतारा ओढून घेतला. तारीख वाचली, वेळ वाचली. दुपारी तीन पंचावन्न.

मामा साडेचारला पोचला होता. आई पाचला गेली. तो अर्धा तास तिचा हात मामाच्या हातात होता.

"सांग ना त्यांना," मी कसंबसं म्हटलं.

"सव्वीस वर्षं पोरांना कारणं सांगू दिली नाहीत," मामा म्हणाला. "आता मी सांगू? तेही ताईचं नाव घेऊन?"

त्याने अर्ज केला नाही आणि बस गेली. उतारा मात्र नेहमीसारखा फ्रिजवर लावला. आता तो कुणाला वाचायला लावत नाही. मी गेले की दर वेळी वाचते.