मेलेल्या ताऱ्याचा फोटो
कंधारजवळ मित्राच्या शेतात मी तीन रात्री कॅमेरा लावून बसलो होतो. हजारो वर्षांपूर्वी फुटलेल्या एका ताऱ्याचा उरलेला ढग दक्षिणेला, क्षितिजाच्या जरा वर असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, तासन्‌तास तिकडं रोखून ठेवलेल्या कॅमेऱ्यालाच दिसतो. दिवसा नांदेडात नोकरी आणि रात्री हे. पाठ पार मोडली होती. त्यात शेजारच्या ज्वारीतला म्हातारा रानडुकरांना हुसकायला घडीघडी बॅटरी फिरवायचा आणि माझा फोटो पांढराफटक व्हायचा.

तिसऱ्या रात्री मी खेकसलोच, "काका, सारखी बॅटरी काय मारायलात? बंद ठेवा की जरा!"

"बरं," म्हणाला, आणि बॅटरी विझवून मचाणावर बसून राहिला.

पहाटेपर्यंत फोटो मिळाला. तांबूस धाग्यांचा ढग, अगदी हवा तसा. उजाडल्यावर पाहतो तर बांधालगतची ज्वारी डुकरांनी आडवी केलेली, आणि म्हातारा मोडलेली कणसं वेचत होता.

त्यानंच विचारलं, "फोटू आला का, साहेब?"

"आला."

"मंग आज रातच्याला बॅटरी लावली तर चालंल का?"