मच्छिंद्ररावांची सात सीटची गाडी

आमच्या हडपसरच्या गल्लीत गाडी सुरू करण्याआधी तिच्या बॉनेटवरून हात फिरवणारे एकटे मच्छिंद्रराव. त्यांची शेतं गेली, तिथे आयटी पार्क उभं राहिलं, बैलजोडीही विकली. हाताची सवय तेवढी उरली.

२००४ साली त्यांनी ही सात सीटची जुनी गाडी घेतली. मूळ मालक नोकरीसाठी अमेरिकेला निघाले होते. मच्छिंद्ररावांचा मुलगा विश्वजीत माझा जुना विद्यार्थी. तो त्याच आयटी पार्कात कामाला लागला होता. "आण्णा, सेकंडहँड म्हणजे रिस्क. नवी छोटी घेऊ," असं त्याचं म्हणणं. पण खुब्याच्या ऑपरेशननंतर त्याच्या आईचा, मैनाबाईंचा पाय जेमतेम वाकायचा. छोट्या गाडीत त्यांना बसता येईना, रिक्षात तर नाहीच. या गाडीचं दार सरकतं, पायरी ठेंगणी आणि सीट खुर्चीएवढी उंच. पहिल्या दिवशी त्या कोणाचा हात न धरता आत जाऊन बसल्या आणि कितीतरी वेळ उतरल्याच नाहीत. पुढची दोन वर्षं बँक, दवाखाना, धाकट्या बहिणीचं, कुसुमचं सासवडचं घर, सगळीकडे त्या या गाडीतून गेल्या. गाडी एकदाही अडली नाही.

दोन वर्षांनी दसरा झाला आणि ती दिवे घाटात तापू लागली. गावात ठीक चाले. चढ लागला की काटा लाल खुणेवर. तिसऱ्या खेपेला अर्ध्या घाटात वाफ आली आणि मैनाबाईंना दोन तास भर उन्हात रस्त्याकडेला बसावं लागलं. गॅरेजवाल्याने पाणी बदललं, रेडिएटरचं झाकण बदललं आणि शेवटी "इंजिन खोलावं लागेल" म्हणाला. विश्वजीतने त्याच आठवड्यात विक्रीची जाहिरात दिली. मच्छिंद्ररावांना विरोध करायला तोंड राहिलं नव्हतं.

"विका की," मैनाबाई म्हणाल्या. "मी काय, बसंन घरात."

हे त्या इतक्या सहज बोलल्या, की मला ते मुळीच बरं वाटलं नाही.

रविवारी सकाळी कोथरूडहून रंगराव नावाचे गृहस्थ गाडी बघायला आले. हातात टॉर्च, काखेत वर्तमानपत्र. मी चहाला तिथेच होते.

"गाडी घाटात तापती. आधीच सांगतो," मच्छिंद्रराव म्हणाले.

"विकणाऱ्यानं असं बोलू नये हो. मग खोट काढण्यात आम्हाला काय मजा?"

रंगरावांनी वर्तमानपत्र जमिनीवर अंथरलं, त्यावर मांडी घातली आणि पुढच्या जाळीतून टॉर्च मारला.

"आपण गाडी विकताय की फुलबाग?"

आम्ही सगळे वाकलो. आत रेडिएटरवर झेंडूच्या पाकळ्यांचा थर बसला होता, त्यावर धूळ, आणि त्यातच हाराचा दोरा. दसऱ्याला कुसुमच्या मळ्यातली फुलं आली होती. बैलाला घालावा तसा तीन पदरी हार मच्छिंद्ररावांनी जाळीभर बांधला होता. पूजेचा हार मधेच काढू नये, म्हणून वाळेपर्यंत तसाच ठेवून ते गाडी चालवत राहिले.

"एवढं नाक दाबून हवा बंद केल्यावर ती तापणार नाही तर काय करेल?" रंगराव म्हणाले. "गॅरेजवाल्यानं वाकून बघितलं नाही वाटतं!"

मच्छिंद्ररावांनी मऊ ब्रश आणला, नळाला पाइप लावला. तासाभरात घमेलंभर कचरा निघाला.

"आता घाट चढवून दाखवा. त्याशिवाय मी हो म्हणणार नाही," रंगराव म्हणाले. बघते तो मैनाबाई आधीच मधल्या सीटवर बसलेल्या.

"आई, तू कशाला?" विश्वजीत.

"गाडी माझ्यासाठी घेतली व्हती. तपासायला मी नको?"

विश्वजीत आणि मीही मागे बसलो. घाट सुरू झाला. पाचही जणांचे डोळे काट्यावर. वाफ आली होती ते वळण आलं, गेलं. काटा मध्यावर. मच्छिंद्ररावांनी माथ्यावर गाडी थांबवली नाही, फक्त आवळून धरलेले खांदे सैल सोडले.

"उत्तम गाडी," रंगराव म्हणाले. "मी घेतली."

"न्हाय," मच्छिंद्रराव म्हणाले.

"म्हणजे?"

"इकायची न्हाय."

रंगरावांनी टॉर्च खिशात घातला. "म्हणजे सकाळपासून मी दुसऱ्याची गाडी फुकट दुरुस्त करत होतो. कोथरूडात हे कुणाला सांगू नका."

सगळ्यांत आधी हसला तो विश्वजीत. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. जाहिरात वाचलेलं दुसरं कोणीतरी होतं. "नाही हो," तो म्हणाला, "गाडी घरातच वापरात आहे."

सासवडला कुसुम ओट्यावर शेंगा निवडत होती. आम्हाला बघून ती उठली. "ताई, फोन तरी करायचा!"

मैनाबाई दाराला धरून सावकाश उतरल्या.

"पाच माणसं हाईत, कुसे," त्या म्हणाल्या. "भाकरी टाक. पाव्हण्यांना जरा जास्त वाढ, त्यांची गाडी गेलीय."