उलटा फिरणारा घाणा

"लई शिकलीय म्हनं, पन तोंडात जीभ हाय का न्हाय?" शेजारीण आत्याला विचारत होती. मी दाराआडच होते.

"हाय की. तुझ्यासारखी उधळत न्हाय, एवढंच."

कळंबला आत्याचा करडीच्या तेलाचा घाणा होता. हैदराबादच्या इंग्रजी शाळेत शिकून, पुढं भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी तिच्याकडे आले होते. मला एम.एस्सी.ला धाडायचं की स्थळं बघायची, हे वडिलांनी नेहमीसारखं आपल्या थोरल्या बहिणीवर, म्हणजे आत्यावरच सोडलं होतं. आत्या विषय काढत नव्हती आणि मला काढवत नव्हता.

त्याच आठवड्यात नवा बैल आला. आधीच्या घाण्यावर तो उलट्या अंगानं फिरायला शिकलेला. आमच्या घाण्याला जुंपला की उभाच. दोन दिवस चुचकारून आत्या थकली आणि तिनं जूच दुसऱ्या बाजूला बांधून घेतलं. झापडं लावलेला बैल लगेच चालू लागला.

"अगं बया, उलटी प्रदक्षिणा! ह्या तेलाचा दिवा देवापुढं लावायचा कसा?" शेजारीण म्हणाली.

"करडीला काय ठावं बैल कुठून फिरतोय? तेल तेच, पेंडबी तीच."

मला हसू आलं. आत्यानं पाहिलं. "काय गं?"

"मोठमोठे शास्त्रज्ञही तुमच्यासारखंच म्हणायचे, आत्या."

मग सांगणं भागच पडलं. आरशात घाणा उलटा फिरताना दिसतो. तसा खरोखर फिरवला तरी तेल तेच. अणूच्या पोटातही असंच असणार, असं सगळे धरून चालले होते. मग कुणीतरी कोबाल्ट नावाचा धातू अतिशय थंड केला, चुंबकानं त्याच्या अणूंचे गाभे एकाच दिशेनं फिरते ठेवले. ते फुटताना बारीक कण वर-खाली दोन्ही अंगांना सारखे उडायला हवे होते. एकाच अंगाला जास्त उडाले. आरशात फिरणं उलटं दिसतं, कण मात्र त्याच अंगाला जातात; खरोखर उलटे फिरवले तर ते दुसऱ्या अंगाला उडतात. तसा उलटा घाणा खऱ्या जगात कुठंच नाही.

पेंड उकरणारा आत्याचा हात थांबला. "म्हंजे तिथं डावं-उजवं चालतं म्हन की."

"हो."

"तू बघितलंस व्हय हे?"

"नाही. वाचलं."

"मग दुसऱ्यानं बघितलेलंच सांगतीस की गं!" ती चिडवत होती, पण मला ते लागलं. शेजारीणही माझ्याकडे बघत होती. बैलाचा एक फेरा झाला, दुसरा झाला.

"मला स्वतः बघायचंय," मी म्हणाले. "मला शिकायला परत जाऊ द्या, आत्या."