सिस्टरचं इंग्रजी पत्र

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माय-बाबा गेले, त्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतेय, ते विचारू नका.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं फुलांचं दुकान होतं. फुलवाल्याची पोर कॉन्व्हेंटमध्ये कशी? दर शनिवारी माय शाळेतल्या प्रार्थनाघरासाठी फुलं पोचवायची, म्हणून मोठ्या सिस्टरनं माझी अर्धी फी माफ केली होती. उरलेल्या अर्ध्यासाठी माय लग्नसराईत दिवसभर हार गुंफायची. तिची बोटं झेंडूनं पिवळी व्हायची. माझ्या धाकट्या बहिणीची, शालूचीही.

माझी बोटं मी साबणानं घासून शाळेत जायची. मैत्रिणींना सांगितलं होतं—आमची बागायत आहे. आणि शालूच्या तोंडात तर तीळ भिजत नसे! पिशवी पाठीला लावून ती घरभर ‘गुड मॉर्निंग सिस्टर’ करत फिरायची. ती माझ्या शाळेत आली तर?

मग मायनं शालूसाठीही विचारलं, आणि सिस्टरनं माझ्या हाती एक पत्र दिलं. शाळेची पत्रं घरी मीच वाचायची; दुसऱ्या कुणाला इंग्रजी येत होतं? पत्रात होतं—शालूला घेऊन या, तिची पूर्ण फी माफ.

बाबा हातातला हार ठेवून समोर बसले. माय दारातून ऐकत होती. मी—हो, ओळीखालून बोट फिरवत—सगळं वाचलं. आणि म्हणाले, "जागा नाई म्हणते. शालूले घेत नाई."

माय म्हणाली, "एकीले घेतलं तेच लय झालं." पुन्हा विचारायला गेली नाही, सिस्टरना राग येईल म्हणून. सिस्टरला मी सांगितलं, घरचे नको म्हणतात. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. लहान होते, असं म्हणू? पण काय करतेय ते मला नीट कळत होतं.

शालू नगरपालिकेच्या शाळेत गेली, आठवीनंतर दुकानावर बसली. मी अमरावतीत, नोकरी, तीन खोल्या, आणि संध्याकाळी वाजलाच तर एक फोन. तो शालूचाच असतो. लग्नाचे मंडप सजवून ती आता मुलीला कॉन्व्हेंटमध्ये शिकवते. शाळेचं पत्र आलं की फोटो पाठवते.

"ताई, वाचून सांग वं. तुह्याशिवाय कोनावर भरोसा नाई मले."

मी वाचते. शब्दन् शब्द, दोनदा. ती बरं म्हणते आणि फोन ठेवते.